इंजिनिअर मुलगी कंपनीची प्रमुख कशी होते?

(जवळा बाजार येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आणि खास करून समोर बसलेल्या मुलींनो,

आपल्याकडं हळदीचा भाव बघायचा तर माणूस आधी खिशातला मोबाईल काढतो. तो चालतो टॉवर, केबल आणि एक्स्चेंजच्या जोरावर. एवढं सगळं सांभाळणाऱ्या कंपनीची प्रमुख इंजिनिअर बाई असू शकते का? असू शकते. फ्रान्सच्या 'ऑरेंज' या मोठ्या दूरसंचार कंपनीची सूत्रं एप्रिल २०२२ मध्ये क्रिस्टेल हेडमन यांनी हाती घेतली. त्या इंजिनिअर आहेत.

तुम्ही म्हणाल, फ्रान्स कुठं अन् जवळा बाजार कुठं! मग पुण्याचं उदाहरण घेऊ. धंदा वेगळा आहे, पण वाट तीच आहे. लीला पूनावाला यांचं कुटुंब फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन पुण्यात आलं. १९६७ साली त्यांनी सीओईपीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. डेअरीत दुधापासून साय वेगळी करणारी यंत्रं बनवणाऱ्या व्हल्कन लावलमध्ये, म्हणजे पुढच्या अल्फा लावलमध्ये, त्या शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागल्या आणि त्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बातमीत आपण पहिली नोकरी वाचतो आणि शेवटचं पद वाचतो. मधली वीस-बावीस वर्षं राहून जातात. खरी गोष्ट तिथं असते.

कंपनीत वर जायच्या ढोबळमानानं तीन पायऱ्या असतात. पहिली, प्रत्यक्ष काम: यंत्र बसवणं, बिघाड शोधणं, दूरसंचारात टॉवरच्या साइटवर जाणं. दुसरी, गिऱ्हाईक सांभाळणं. तिसरी, एखाद्या विभागाच्या नफा-तोट्याची जबाबदारी. हेडमनबाईंचंच बघा. १९९९ मध्ये त्या अल्काटेलमध्ये आल्या, मोठ्या ग्राहक कंपन्यांचे व्यवहार पाहिले, नंतर मनुष्यबळ विभाग सांभाळला. २०१४ मध्ये त्या श्नायडर इलेक्ट्रिकमध्ये गेल्या. तिथं आधी फ्रान्सचा, मग युरोपचा कारभार बघितला. त्यानंतर ऑरेंज.

मुली अडतात कुठं? पुष्कळदा पहिल्याच पायरीवर. एकेकाळी कायदाच आडवा यायचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई होती. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून सुधा मूर्तींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, तेव्हा कुठं दार उघडलं.

आज असं कुणी छापत नाही. आज आपण मायेनं अडवतो. "पोरीची जात आहे, साइटवर कशाला? टेबलावरचं काम द्या." घरचे म्हणतात, साहेबही म्हणतात. सोय वाटते. पण दहा वर्षांनी विभागप्रमुख नेमायची वेळ येते, तेव्हा विचारतात, साइट कुणी सांभाळली? बिघाड कुणी काढला? तिच्याकडं उत्तर नसतं, कारण ते काम तिला कधी दिलेलंच नसतं. सुरक्षित गाडी द्या, राहायची नीट सोय करा, ते मागायलाच पाहिजे. काम मात्र काढून घेऊ नका.

फीची अडचण थोडी हलकी झाली आहे. २०२४-२५ पासून वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. प्रवेश मात्र कॅप फेरीतून हवा. हॉस्टेल-मेसचा खर्च वेगळा, तो आधीच धरा. नांदेडच्या एसजीजीएसमध्ये इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखा आहे. म्हणजे घरापासून फार लांबही नाही.

तेव्हा पालकांनो, प्रवेशाच्या वेळी पेढे वाटालच. पण चार वर्षांनी पोरगी म्हणेल, "बाबा, पहिली पोस्टिंग साइटवर आहे, परगावी आहे." त्या दिवशी काय म्हणायचं, ते आजच घरी बसून ठरवा.

आता मुलींनो, प्रश्न विचारा. आधी तुम्ही, मग बाकीचे.