टॅटिंगमधली राणी पाकोळी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बागडणारी राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरली. काळ्या मखमली पंखांवरची तिची निळाई टॅटिंगमध्ये, म्हणजे शटल या छोट्या धोट्याने गाठी मारून केलेल्या लेसमध्ये, मण्यांत फार सुरेख उतरते.

काळा २० नंबरचा धागा आणि ११ नंबरचे निळे मणी घ्या. शटल भरण्याआधीच मणी धाग्यात ओवायला हवेत. प्रत्येक पंख म्हणजे एक रिंग. पुढच्या दोन मोठ्या, मागच्या दोन लहान. शेजारचे पंख पिकोने, म्हणजे धाग्याच्या छोट्या फासाने, जोडायचे. निळे मणी फक्त मागच्या पंखांत, कारण खऱ्या पाकोळीची निळाई मुख्यतः तिथेच असते. रिंगपुरते मणी सुरुवातीलाच हातावरच्या वेढ्यात घ्यावेत आणि दोन गाठींमध्ये एकेक सरकवावा.

सगळे कसब गाठ उलटवण्यात आहे. शटलचा धागा ताठ आणि बोटांवरचा सैल ठेवला, की गाठ शटलच्या धाग्यावर मोकळी सरकते. एक जरी उलटायची राहिली तरी रिंग ओढून मिटत नाही. शेवटी मधोमध नळीचा मणी शिवला की पाकोळीला अंग येते. उरलेल्या दोन टोकांच्या मिशा करा.