आडवा उजेड

दिवाळी अंकासाठी घराच्या रंगावर काहीतरी हलकंफुलकं लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शेडकार्डं होती. पिस्ता, बदामी, मोरपंखी. हॉलला कुठला रंग लावला की घर मोठं दिसतं, वगैरे. म्हणून ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, दसऱ्याच्या आत दोन खोल्यांचं काम उरकायची घाई चाललेल्या घरी मी जाऊन थडकले. पाहते तर भर दुपारी खिडक्यांना जुन्या चादरी लावलेल्या, खोलीत अंधार, आणि एक साठीचा माणूस लांब वायरीला टांगलेला बल्ब भिंतीला जवळजवळ चिकटवून कोपऱ्याकडे हळूहळू सरकतोय. रंगाचा डबा अजून उघडलासुद्धा नव्हता.

त्यांच्या हाताखालची पोरं त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हटलं. मामा राजापूरकडचे. बोलणं बेताचं, तेही भिंतीकडे तोंड करून.

"समोरून बघितलंत तर कुठलीही भिंत शहाणी दिसते, ताई. बाजूने उजेड टाका. मग कळतं तिचं."

आडव्या उजेडात ती गुळगुळीत पांढरी भिंत एकदम कोकणातला कातळ झाली. पत्र्याच्या ओढी, दोन हातांमधला सांधा, कधीकाळी उपटलेल्या खिळ्याचा खळगा, सगळ्यांच्या सावल्या पडल्या. मामा कानामागची पेन्सिल काढून गोल काढत पुढे जात होते. मागून एक पोरगा त्या गोलांत लांबी भरत होता. (पुट्टी हा शब्द पिशवीवर असतो, मामांच्या तोंडी अजून लांबीच.) ती वाळली की पॉलिश पेपर, मग पुन्हा बल्ब. एका भिंतीला हे तीनदा झालं. मी मोजत होते, कारण दुसरं काही घडतच नव्हतं.

या धंद्याचा छापील इतिहास मुंबईच्या आसपास फिरतो. लोअर परळला १९२० साली रंगाचा कारखाना निघाला, तो पुढे नेरोलॅक झाला. १९४२ मध्ये चार मित्रांनी गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली, आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू काढला. डब्यावर पोरगा आला, पण भिंत घासणाऱ्या माणसाचं चित्र कुठल्या डब्यावर मी पाहिलेलं नाही.

मराठीत रंगाचे हात मोजतात. एक हात, दोन हात. शब्द किती नेमका आहे ते मामांचा मनगटापासून खांद्यापर्यंत पांढरा झालेला हात पाहून कळतं. आणि सगळी भांडणंही याच शब्दापाशी होतात. ठरताना 'तीन हात' ठरतं. मालकाला वाटतं रंगाचे तीन, कंत्राटदार प्रायमर धरून तीन म्हणतो. लांबीचे हात कोणी बोलतच नाही, आणि खरी मेहनत तर तिथेच असते. मामांचा हिशेब असा: दोन हात लांबी, घासकाम, एक हात प्रायमर, बल्ब, दुरुस्ती, मग दोन हात रंग. आधी छत, मग भिंती, दारं शेवटी.

मग मॅट की चकचकीत, हा मालकीणबाईंचा प्रश्न. दुकानदाराने त्यांना महागातला, चमक असलेला रंग सुचवला होता. मामांनी मान हलवली. कारण समजून घ्यायला थोडं डब्यात डोकवावं लागतं. रंगात मुख्यतः तीन गोष्टी: पूड, ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ, आणि दोन्ही पातळ करणारं पाणी किंवा टर्पेंटाइन. पातळ करणारं उडून जातं, उरतात पहिले दोन. पूड जास्त आणि चिकट कमी असेल तर पुडीचे कण पृष्ठभागावर डोकं वर काढतात, उजेड त्यांच्यावर आपटून दाही दिशांना विखुरतो, तो मॅट. चिकट पदार्थ मुबलक असेल तर कण त्यात बुडतात, वर एक सलग कातडी तयार होते आणि उजेड तिच्यावरून एकाच दिशेने परततो, ती चमक. कातडी असली की डाग आत शिरत नाही, फडक्याने पुसता येतो. पण तीच कातडी भिंतीचा प्रत्येक उंचवटा दाखवून देते. मॅट झाकतो, पण खरकट्या हाताचा डाग पिऊन टाकतो, आणि जोरात घासला तर घासलेल्या जागीच चमकायला लागतो.

आपल्या जुन्या इमारतींना हे शेडकार्डाशिवाय माहीत होतं. शाळा, दवाखाने, कचेऱ्यांचे जिने आठवा: कमरेपर्यंत गडद ऑइल पेंट, वर चुना. खाली माणसांचे खांदे, दप्तरं आणि पानाच्या पिचकाऱ्या. वर फक्त उजेड हवा. आमच्या चाळीतल्या घरी आजोबा जिथे टेकून बसत, तिथे डोक्याच्या उंचीवर खोबरेल तेलाचा गोल होता. दर दिवाळीला त्यावर निळीचा चुना फिरायचा आणि होळीपर्यंत गोल पुन्हा वर यायचा. डिस्टेंपर आलं तरी तो आला. शेवटी वडिलांनी तेवढ्याच पट्ट्याला ऑइल पेंट मारला. खोलीला न शोभणारा, पण बिनचूक निर्णय.

मामांचा निकालही त्याच जातीचा निघाला. छताला मॅट. स्वयंपाकघरात फोडणी उडते, तिथे धुता येईल असा चमकीचा. दारांना ऑइल पेंट. हॉलला मधला, किंचित झाक असलेला, पण खिडकीला काटकोनात असलेली भिंत मॅट, कारण तिच्यावर दिवसभर आडवा उजेड पडणार. मग त्यांनी मालकीणबाईंना विचारलं, "ट्यूब कुठे लागणार?" बाईंनी पीओपीच्या छताकडे बोट दाखवलं. तिथे कडेने एलईडीची पट्टी येणार होती. मामांचा चेहरा पडला. जो उजेड ते खोड काढायला तासभर पाडतात, तो या घरात रोज संध्याकाळी छतावर पडून राहणार होता. त्या रात्री छताचं घासकाम पुन्हा काढलं गेलं, आणि त्याचे जादा पैसे कोणी द्यायचे यावर अर्धा तास गेला.

पैशांचं एकूणच धुक्यासारखं. 'लेबर' वेगळं घ्यावं की मटेरियलसकट? चौरस फुटाच्या भावात दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही? मटेरियलसकट दिलं तर डब्यात पाणी किती पडतं त्यावर आपला ताबा राहत नाही. आपण आणून दिलं तर एक डबा कमी पडतो, मशीनवर पुन्हा शेड काढावी लागते आणि ती जराशी वेगळी येते. म्हणून एका भिंतीला तरी एकाच डब्याचा, नाहीतर सगळे डबे एकत्र करून रंग लावावा, हा मामांचा आग्रह. बादलीतून टोकन निघतं, त्याचे पैसे पेंटरला मिळतात. पेंटरने सुचवलेला रंग आणि आपल्या भिंतीला हवा असलेला रंग यांच्यात ते टोकन कधीकधी येतं. मामा हे हसत कबूल करतात. एकाच वेळी तीन साइट धरून तिन्हीकडे डोकं दाखवणारे कंत्राटदार, आगाऊ रक्कम घेऊन नवरात्रात गायब होणारे, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असाच एक गायब झाला होता, त्यामुळे मी जरा जास्तच मान डोलावली.

मला मात्र पोरांची काळजी वाटत होती. घासकामाची पूड खोलीत धुक्यासारखी उभी असते आणि तोंडाला नुसता रुमाल. जुन्या दारावरचा ऑइल पेंट एक जण कोरडाच खरवडत होता. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. ते दार त्याच्या कितीतरी आधीचं. पाणी मारून घासा, असं मी म्हटलं. मामा म्हणाले, ओलं घासलं की पेपर लवकर भरतो, वाळायला दिवस जातो, आणि दिवस कोणाकडे आहे? बांधकाम कामगार मंडळात नाव घालायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मामांनी चाळीस वर्षं भिंती घासल्या, पण चार-चार दिवसांची घरं. दाखला देणार कोण?

आणि शेवटी ओल. बाथरूमपलीकडच्या भिंतीला लोणा लागला होता, बोट लावलं की पीठ पडत होतं. वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपत होतं आणि वरचे लोक दिवाळीनंतर बघू म्हणत होते. चुना असता तर भिंतीने श्वास तरी घेतला असता. आताच्या रंगाची कातडी आतलं पाणी अडवते आणि फुगून सुटते. बाईंनी वॉटरप्रूफ म्हणून आणलेला डबा पुढे केला. "तो लावतो मी," मामा म्हणाले, "पण पाडव्याला पोपडा पडला तर मला फोन नको." पाहुणे येणार होते. बाई रडवेल्या झाल्या. मामांनी बाकीची भिंत पूर्ण केली, तो तुकडा खरवडून तसाच उघडा ठेवला, भोवती पेन्सिलीने चौकोन काढला आणि आत लिहिलं: एप्रिल.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फराळाला गेले, तेव्हा त्या चौकोनावर पुढच्या वर्षाचं कालनिर्णय टांगलेलं होतं, नेहमीच्या जागेपासून बरंच लांब आणि जरा खाली.