कोंबड्यांच्या डोक्यावरील चिकट पिसू

घरच्या दहापाच कोंबड्यांवर अनेक शेतकरी कुटुंबांचा, विशेषतः घरातील स्त्रियांचा, वरखर्च चालतो. अशा कोंबड्यांच्या तुऱ्यावर व डोळ्यांभोवती कधी कधी काळपट तपकिरी खपली धरल्यासारखी दिसते. ही कोंबड्यांची देवी असावी असे समजून पुष्कळदा तिकडे दुर्लक्ष होते आणि पिले मरू लागली म्हणजे मग धावपळ सुरू होते. वास्तविक ती खपली नसून एकमेकींना खेटून बसलेल्या जिवंत पिसवांचा तो थर असण्याचा संभव असतो. या पिसवेचा जीवनक्रम नीट समजला, तर तिचा बंदोबस्त करणे कठीण नाही.

ओळख

या पिसवेचे शास्त्रीय नाव एकिड्नोफॅगा गॅलिनेसिया असे आहे. १८७५ साली वेस्टवुड या शास्त्रज्ञाने सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कोंबड्यांवर सापडलेल्या नमुन्यांवरून तिचे प्रथम वर्णन केले. उष्ण प्रदेशांत ती सर्वत्र पसरलेली असून भारतातही आढळते. तिची लांबी दीड ते दोन मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी आणि शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असते.

इतर पिसवा रक्त पिऊन उडून जातात. या जातीची मादी मात्र एकदा कातडीत तोंड खुपसले, की तेथेच घट्ट चिकटून राहते व कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडे, जागा सोडत नाही. डोके, तुरा, डोळ्यांच्या कडा आणि चोचीखाली लोंबणारे मांसल पाळे ही तिची आवडती ठिकाणे होत. तेथील कातडी उघडी असते आणि कोंबडीची चोचही तेथे पोहोचत नाही. एकेका पुंजक्यात शंभरपर्यंत पिसवा असू शकतात.

देवीचे फोड व पिसवांचे पुंजके यांतील फरक भिंगातून पाहिल्यास सहज कळतो. देवीत चामखिळीसारखे फोड येऊन त्यांवर खपली धरते. पिसवांचा पुंजका मात्र सुट्या, चकाकणाऱ्या दाण्यांचा दिसतो. शंका राहिल्यास पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा.

जीवनक्रम

मादी चिकटलेल्या स्थितीतच नराशी संयोग पावते व दररोज १ ते ४ अंडी घालते. ही अंडी जमिनीवर पडतात आणि साधारणतः ६ ते ८ दिवसांत फुटतात. त्यांतून पाय नसलेल्या, पांढुरक्या, बारीक अळ्या निघतात. अळ्या कोंबडीस चावत नाहीत. वरील पिसवांच्या विष्ठेतून गळणाऱ्या सुकलेल्या रक्तावर त्या खुराड्यातील मातीत व तुसात वाढतात. उजेड त्यांना मानवत नाही. दोन ते साडेचार आठवड्यांनंतर अळी आपल्याभोवती रेशमी कोष विणते. त्यास मातीचे कण चिकटल्यामुळे तो दिसून येत नाही. कोषातून ९ ते १९ दिवसांत पूर्ण वाढलेली पिसू बाहेर पडते. हे सर्व चक्र एक ते दोन महिन्यांत पुरे होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कोंबडीच्या डोक्यावर दिसते ती केवळ एक पिढी होय. पुढील पिढ्या खुराड्याच्या जमिनीत असतात. म्हणून नुसत्या कोंबडीवर उपचार केला, तर महिन्याभरात उपद्रव पुन्हा सुरू होतो.

उंदीर व इतर प्राणी

ही पिसू केवळ कोंबड्यांवर जगते असे नाही. उंदीर, घुशी, ससे, कुत्री, मांजरे, कबुतरे व रानपक्षी यांवरही ती वाढते आणि प्रसंगी माणसासही चावते. धान्याच्या कणगीजवळील उंदीर व खुराड्यात निजणारे कुत्रे यांच्याबरोबर ती एका घरून दुसऱ्या घरी जाते.

प्लेग पसरविणारी उंदरावरील पिसू, झेनॉप्सिला चिओपिस, ही निराळी जात होय. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ सुरू झाल्यानंतर १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत या पिसवेचा प्लेगशी असलेला संबंध दाखविला. उंदीर मरताच ती पिसू त्याला सोडून दुसरा प्राणी शोधते, म्हणून ती धोक्याची. चिकट पिसू एकाच जागी राहत असल्याने प्लेगच्या प्रसारात तिला फारसे महत्त्व नाही. तरीही गावात उंदीर मोठ्या संख्येने मरून पडत असल्यास ग्रामसेवकाने आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे.

नुकसान

रक्तशोषणामुळे कोंबड्या निस्तेज होतात व अंडी कमी देतात. डोळ्यांभोवती व्रण होऊन पापण्या सुजतात. पक्षी आंधळा होऊन दाणा टिपू शकत नाही व उपासाने मरतो. पिलांच्या अंगात रक्त थोडे असल्यामुळे ती लवकर दगावतात.

उपाय

१. खुराड्यातील तूस, पालापाचोळा व वरची माती खरवडून काढावी आणि घरापासून दूर नेऊन जाळावी. मोकळी जमीन उन्हात तापू द्यावी व भिंतींस चुना द्यावा.

२. ही सफाई दर दहा ते पंधरा दिवसांनी, निदान दोन महिने करावी. कारण पहिल्या वेळी कोषात दडलेल्या पिसवा नंतर बाहेर पडतात.

३. थोड्या कोंबड्या असल्यास पुंजक्यावर व्हॅसलीन चोपडावे किंवा पिसवा चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. जखमेस जंतुनाशक मलम लावावे.

४. कीटकनाशक पूड पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावी व ती डोळ्यांत जाऊ देऊ नये. उपचारानंतर अंडी व मांस किती दिवस वर्ज्य करावे, हेही विचारून घ्यावे. पूर्वी सर्रास वापरली जाणारी डी.डी.टी. शेतीत १९८९ पासून बंद आहे व बी.एच.सी.वर १९९७ पासून बंदी आहे. घरात जुना साठा असल्यास तो वापरू नये. परमेथ्रिन मांजरास घातक असते, हेही विसरू नये.

५. कुत्री व मांजरे खुराड्यापासून दूर ठेवावीत, उंदरांची बिळे बुजवावीत. बाजारातून आणलेली कोंबडी डोके तपासून दोन आठवडे वेगळी ठेवावी.

६. शक्य तेथे जमिनीपासून उंच, फटी असलेल्या बांबूच्या तळाचे खुराडे बांधावे व त्याखालील जागा वारंवार झाडावी.

शेजारच्या खुराड्यात पिसवा राहिल्या, तर एका घरचे श्रम वाया जातात. यास्तव ग्रामसेवकांनी एकाच आठवड्यात संपूर्ण आळीची खुराडी साफ करवून घ्यावीत. यास खर्च अल्प असून, वाचलेली पिले हाच त्याचा मोबदला होय.