धूम्रपान सुटल्यावर हिरड्यांतून रक्त का येते?

छत्रीबागेतील आपल्या मंडळींपैकी ज्यांनी विडी-सिगारेट सोडली, त्यांचे अभिनंदन करून आम्ही एक खुलासा करू इच्छितो. सोडल्यानंतर हिरड्यांतून रक्त आले, तर घाबरून पुन्हा विडी धरू नये. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे हिरड्यांचा रोग आत हाड झिजवीत असला तरी रक्त फारसे दिसत नाही. धूम्रपान थांबताच तो उघडा पडतो, इतकेच. ई-सिगारेटकडे वळणे हा उपाय नव्हे: तिच्यातही बहुधा निकोटिन असते, तिच्या वाफेने तोंड कोरडे पडते, आणि २०१९ च्या कायद्याने भारतात तिच्या विक्रीस बंदी आहे. दात हळुवार घासणे चालू ठेवावे व दंतवैद्यांकडे वेळीच जावे. झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही.