घरच्या एसयूव्हीला फूड ट्रेलर जोडताय? आधी वजनकाट्यावर चला



फूड ट्रेलरच्या व्हिडिओत मी भांडवल, मेनू आणि जागा यावर बोललो. ट्रेलर रस्त्यावरून न्यायचा कसा, हा भाग मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही. तो इथे सविस्तर लिहितोय.

बॅचमध्ये दर वेळी कोणीतरी विचारतं, "सर, घरी बोलेरो आहे. ट्रेलर तिलाच लावला तर टेम्पोचं भाडं वाचेल ना?" वाचेल. पण त्या बोलेरोत तुमच्यासोबत बायको असते, मदतीला आलेला भाचा असतो, आणि मागे तुमचं सगळं भांडवल चाकांवर असतं. म्हणून भाड्याचा हिशोब नंतर. आधी किलोचा हिशोब.

बहुतेक लोक इंजिनापासून सुरुवात करतात. "२२०० सीसी आहे, आरामात ओढेल." ओढेल हो, सपाट रस्त्यावर बरीच गाडी बरंच काही ओढते. प्रश्न ओढण्याचा कमी आणि थांबवण्याचा, सरळ ठेवण्याचा जास्त आहे. आणि त्या दोन्ही गोष्टी वजनावर आणि ते वजन कुठे ठेवलंय यावर ठरतात.

ट्रेलर भरल्यावर किती होतो?

माझं दुकान हॉटेल-किचनच्या सामानाचं आहे, त्यामुळे भट्टी-काउंटरची वजनं रोज हाताखालून जातात. एक साधं उदाहरण मांडू. समजा फॅब्रिकेटरने सांगितलं, रिकामा ट्रेलर ५२० किलो. त्यात डीप फ्रीजर ५५, भट्टी-तवा-स्टीलचं काउंटर मिळून ८५, भांडी २५, कच्चा माल ८०, जनरेटर ४०, टेबल-स्टूल आणि छत्री ४५. गॅस: १९ किलोची कमर्शियल टाकी म्हणजे आतला गॅस १९ किलो, टाकीसकट वजन ३५ च्या आसपास. दोन टाक्या ७०. आणि पाणी १०० लिटर, म्हणजे सरळ १०० किलो.

बेरीज करा. १,०२० किलो. म्हणजे रिकाम्याच्या जवळजवळ दुप्पट. फॅब्रिकेटर ५२० सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, पण तुम्ही ५२० घेऊन रस्त्यावर जाणार नाही.

आता हे १,०२० किलो कोण थांबवणार? ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत. आपणही हाच आकडा डोक्यात ठेवायला हरकत नाही, उलट आपले घाट आणि आपले गतिरोधक बघता तो सैलच वाटेल. वरच्या उदाहरणात पाणी मुक्कामी भरलं, जनरेटर तिथेच भाड्याने घेतला, टेबल-स्टूल मंडपवाल्याकडून आणले, तरी १८५ किलो कमी होऊन ८३५ उरतात. म्हणजे एकतर ब्रेकवाला ट्रेलर घ्या, नाहीतर मुळात लहान ट्रेलर बांधा. तिसरा मार्ग नाही. म्हणून ही बेरीज ॲडव्हान्स देण्याआधी कागदावर करायची. ट्रेलर दारात आल्यावर करून उपयोग काय?

गाडीची बाजूही बघा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ओढण्याची क्षमता दिली असेल तर तो आकडा शेवटचा, त्यावर वाद नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात तो नसतोच. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. लेखी उत्तर मिळालं नाही तर त्याचा अर्थ "चालतंय" असा घेऊ नका. माझा स्वतःचा ठोकताळा असा की भरलेला ट्रेलर रिकाम्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या आत असावा. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर लिहिलेलं असतं.

बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर या वेगळ्या चासीवर बांधलेल्या गाड्या. ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा यांची बॉडी आणि चासी एकच असते. दिसायला सगळ्या एसयूव्ही, पण हुक कशाला बोल्ट करायचा हा प्रश्न दोन्हीकडे वेगळा. ॲक्सेसरीच्या दुकानात बंपरखाली शोभेला लावतात तो "टो गार्ड" दिसायला हुकसारखा असला तरी त्यावर ट्रेलर लावायचा नाही. अजिबात नाही.

उलार गाडी

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवला, वर्किंग कॅपिटल शिकवलं. हे कोणी शिकवलं नाही. पण गावाकडे ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला हे न शिकवता येतं.

गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते. पुढचा दांडा वर उचलला जातो, बैलाच्या मानेला खालून ओढ बसते. माल फार पुढे झाला तर बैलाच्या खांद्यावर ओझं. जाणता माणूस माल असा लावतो की जुवर थोडा भार राहील, जास्त नाही. ट्रेलरचं शास्त्र शब्दशः हेच आहे. बैलाच्या जागी तुमच्या गाडीचा हुक.

ट्रेलरचा पुढचा दांडा हुकवर जो भार टाकतो तो भरलेल्या वजनाच्या साधारण १० टक्के असावा. १,०२० किलोच्या ट्रेलरला सुमारे १०० किलो. त्याहून बराच कमी झाला, म्हणजे ट्रेलर उलार झाला, तर वेग वाढताच तो मागे हेलकावे खायला लागतो. आधी थोडा डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे, आणि प्रत्येक हेलकाव्याला तुमच्या गाडीची शेपटी ओढतो. ४० च्या वेगाला हाच ट्रेलर गुणी बाळासारखा येतो, म्हणून माणूस फसतो.

भार फार जास्त झाला तरी त्रास. समजा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकात २.७ मीटर अंतर आहे आणि हुक मागच्या चाकाच्या १.१ मीटर मागे आहे. हुकवर १०० किलो आले की मागच्या चाकांवर १४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ४० किलो कमी होतात. तराफ्यासारखं, मागे दाबलं की पुढे उचलतं. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, ब्रेकची पकड कमी. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर चढावर चाकं घसरतीलही. आणि हे १०० किलो गाडीत बसलेल्या माणसांच्या वजनात धरायचे. पाच माणसं, डिकीत पिठाची पोती आणि वर हुकवर १०० किलो, हे जमणार नाही.

मोजायचं कसं? किराणा दुकानात पोती मोजायचा सपाट वजनकाटा असतो ना, तो आणा. ट्रेलर पूर्ण भरा, जसा निघणार तसाच, आणि सपाट जमिनीवर उभा करा. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. दांड्याचं टोक हुकच्या उंचीवर येईल अशा मापाचा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, आणि दांडा त्यावर टेकवा. आकडा समोर. एकूण वजनासाठी ट्रेलर वाळू-उसाच्या गाड्या मोजतात त्या काट्यावर न्या. मोजणीची पावती जपून ठेवा.

आकडा चुकीचा आला तर माल हलवा. जड वस्तू चाकांच्या वर किंवा थोड्या पुढे, खाली, आणि डावी-उजवीकडे समान. फ्रीजर मागच्या दाराशी ठेवायचा मोह होतो, कारण गिऱ्हाईकाला कोल्ड्रिंक पटकन देता येतं. तो मोह ऑर्डर देतानाच आवरा. बोल्ट झालेला फ्रीजर नंतर कोण हलवतं? पाण्याची टाकी एकतर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी टाकी म्हणजे ५० किलो वजन स्वतःच्या मर्जीने पुढे-मागे धावणार. गॅसच्या टाक्या उभ्या, पट्ट्याने घट्ट, रेग्युलेटर काढून, व्हॉल्व्ह बंद, वर कॅप. शेगडी पेटलेली ठेवून ट्रेलर हलवणारे महाभाग आहेत, त्यांच्याविषयी काय बोलावं.

चालताना हेलकावे सुरू झालेच तर एकच करा: ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. करकचून ब्रेक मारायचा नाही. ट्रेलरला सरळ करायला स्टिअरिंग उलट-सुलट फिरवायचं नाही. "वेग वाढवला की ओढ बसून सरळ होतो" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. वेग आपोआप उतरला की ट्रेलर शांत होतो. मग सुरक्षित जागी थांबून माल परत लावा. तसाच पुढे नेलात तर पुढच्या उतारावर तेच होणार.

हुक, साखळी, दिवे

हुकचा गोळा आणि ट्रेलरचा कप एकाच मापाचे हवेत. बाजारात ५० मिलिमीटरचे गोळे मिळतात आणि २ इंची कपही मिळतात. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्याला फरक दिसत नाही, पण खड्ड्यात आदळला की सैल कप गोळ्यावरून उडी मारू शकतो. माप दोन्हीवर कोरलेलं असतं, वाचून घ्या. जोडल्यावर पुढच्या छोट्या चाकाच्या जॅकने दांडा वर उचलून बघा. गाडीची मागची बाजू सोबत वर आली तर लॉक बसलंय.

त्यावर दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना छेद देत. कप निसटलाच तर दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणाला ताणणार नाही इतकी सैल, जमिनीला घासणार नाही इतकी घट्ट. ब्रेकवाला ट्रेलर असेल तर सुटल्यावर स्वतःचे ब्रेक लावणारी तारही गाडीला अडकवा. ती साखळीला नाही, गाडीला.

ब्रेक लाइट, इंडिकेटर, टेल लाइट ट्रेलरवर चालायलाच हवेत. हल्लीच्या गाड्यांची वायर कापून जोड देऊ नका. स्वतंत्र रिले किट मिळतं, चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवा.

घाट

जत्रा, लग्नाच्या ऑर्डरी, हुरडा पार्ट्या, आपला धंदा कुठे ना कुठे घाटातून जातोच. साताऱ्याकडून पुण्यात येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आठवा. तिथे ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. उतार फार तीव्र वाटत नाही, पण लांब आहे. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की ब्रेक तापत जातात, आणि तापलेला ब्रेक दाबला तरी धरत नाही.

म्हणून उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्या. मध्ये आल्यावर नाही, आधी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक लागेल तसा दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, सतत घासत ठेवायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणजे शंभर रुपयांसाठी लाखाचा ट्रेलर पणाला लावणं.

वेग? मी माझ्या बॅचला ताशी ५०-६० सांगतो. ६० वरून ८० वर गेलात की वेग एक तृतीयांशच वाढतो, पण ब्रेकना जी ऊर्जा जिरवायची ती जवळपास पावणेदोन पट होते. पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा.

वळताना ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून थोडं रुंद वळा, नाहीतर कोपऱ्यावरचा पानटपरीवाला तुम्हाला लक्षात ठेवेल. रिव्हर्सचा सराव मोकळ्या मैदानात एक रविवार सकाळ काढून करा: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलरची मागची बाजू जाते.

कागद

"ट्रेलरला आरटीओ लागत नाही" असं काही फॅब्रिकेटर बिनधास्त सांगतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर आहे. त्यामुळे त्याची स्वतःची नोंदणी आणि नंबर लागतो, शिवाय कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. नोंदणीसाठीचे कागद फॅब्रिकेटर देणार का, हे कोटेशनवर लिहून घ्या. विमा कंपनीलाही ईमेल करा की ट्रेलर जोडलेला असताना अपघात झाला तर गाडीची पॉलिसी चालेल का, ट्रेलरची वेगळी घ्यावी लागेल का. एजंटचं तोंडी "होऊन जाईल" क्लेमच्या वेळी कुठेच सापडत नाही.

एक स्पष्ट मत. महिन्यातून दोनच ऑर्डर असतील तर ट्रेलर ओढायच्या भानगडीत पडू नका. सुटी भट्टी-काउंटर घेऊन छोटा हत्ती भाड्याने करा, ते स्वस्त पडतं. आठवड्याला तीन-चार फेऱ्या असतील तेव्हाच हा सगळा खटाटोप परवडतो.

निघायच्या दिवशी ट्रेलरच्या टायरची हवा गार असताना तपासा. टायरवरचा लोड इंडेक्स वाचा: ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, दोन टायरना ९५०. वरचा १,०२० किलोचा ट्रेलर एक्सलवर सुमारे ९२० टाकतो, म्हणजे जेमतेम. त्याहून कमी इंडेक्सचे टायर फॅब्रिकेटरने लावले असतील तर बदलून मागा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबा, चाकांचे नट परत आवळा आणि हबजवळ हात नेऊन बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरचं कोटेशन शेजारी ठेवून कसं वाचायचं, ते पुढच्या व्हिडिओत.