जिथे हॉर्न वाजत नाही

पुणे हे एके काळी सायकलींचे गाव होते, हे मी नव्याने सांगायला नको. आमचे अण्णा त्या गावचे अस्सल रहिवासी. खडकीच्या कारखान्यात त्यांनी ३१ वर्षे नोकरी केली आणि ३१ वर्षे ते सायकलवरूनच गेले. निवृत्तीनंतरही भाजी, दूध, ग्रंथालय, सारे सायकलवर. सहा वर्षांपूर्वी एका चौकात मोटारीचा धक्का लागून ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. हाड सांधले, पण मी त्यांची सायकल जिन्याखाली साखळीने बांधली आणि कुलपाची किल्ली माझ्या कपाटात ठेवली. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी अण्णा विचारीत, "काय रे, काढू का सायकल?" मी म्हणे, "अण्णा, रस्ते पाहिलेत का?" यावर त्यांच्याकडे उत्तर नसे. माझ्याकडे तरी कुठे होते? त्या दिवसापासून मीही सायकलला शिवलो नव्हतो.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाकडे फ्रान्सला जाण्याचा योग आला. तो नांत शहरी असतो. मराठीच्या प्राध्यापकाला तो राजवाडे आणि चित्रसंग्रह दाखवील अशी माझी अपेक्षा. पण हा गृहस्थ दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "दादा, तीन दिवस सायकलवर जायचंय. सायकली भाड्याने सांगून ठेवल्यात."

माझ्या पोटात गोळाच आला. पण धाकट्या भावापुढे भीती कबूल कशी करायची?

त्या सायकलीला तिकडे 'ग्रॅव्हल' सायकल म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे, पण टायर रुंद आणि खाचांचे. ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूम आणि बारीक खडी. साहेबी नाव बाजूला ठेवले तर कच्च्या रस्त्यावर चालणारी सायकल, एवढाच अर्थ! सायकलींसकट आगगाडीत बसलो आणि रदों नावाच्या गावी उतरलो. गावातून बाहेर पडून एका कालव्याच्या काठी आलो. चौकोनी निळ्या पाटीवर पायी चालणारा आणि सायकलवाला यांची चित्रे होती. मोटारीचे चित्र नाही, कारण मोटारीला तिथे मज्जावच. अशा वाटेला तिकडे 'व्वा व्हेर्त' म्हणतात. अर्थ 'हिरवी वाट'; पण पहिला शब्द मला आपल्या 'व्वा!'सारखाच ऐकू आला, आणि वाट पाहून तोच बरोबर वाटला.

एका हाताला ऊस्त नदीचे संथ पाणी, दुसऱ्या हाताला कुरणे आणि ओकची झाडे, मध्ये दाबून बसवलेल्या मुरमाची वाट. चढ जवळजवळ नाहीच. पहिला तासभर मी सवयीने दर दोन मिनिटांनी मागे वळून पाहत होतो. मागे कोणीही नसे. भाऊ हसून म्हणाला, "दादा, मान अवघडेल!"

या वाटेची कुळकथा मोठी गमतीची आहे. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या युद्धनौका ब्रेस्ट बंदराची नाकेबंदी करून बसत. समुद्रातून माल नेणे कठीण, तेव्हा नांतपासून ब्रेस्टपर्यंत जमिनीच्या पोटातूनच कालवा न्यायचा असे ठरले. १८११ साली काम सुरू झाले. मध्ये टेकड्या आडव्या आल्या. ग्लोमेल येथे तर तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा खोल चर ब्रेस्टच्या तुरुंगातील कैद्यांकडून खणून घेतला. इकडे १८१५ साली नेपोलियन पडला, इंग्रजांशी लढाई संपली, तरी खोदकाम चालूच! १८४२ साली सुमारे ३६० किलोमीटरांचा कालवा पुरा झाला, तेव्हा ज्या भीतीपोटी तो खणला ती भीतीच उरली नव्हती.

मग त्यातून दगडी कौले, धान्य असा माल जाऊ लागला. होड्या ओढीत घोडे काठाने चालत, क्वचित माणसेही. ज्या वाटेवर आम्ही सायकली हाकत होतो ती मूळची त्यांच्या पायांची वाट. पुढे आगगाडी आली आणि कालव्याचा धंदा बसला. १९३० साली गेर्लेदाँचे वीजधरण पुरे झाले, कालव्याचा काही भाग त्याखाली बुडाला आणि नांतहून ब्रेस्टला होडीने जाणेच संपले. धंदा गेला, पण काठ राहिला. तो कोणी गिळला नाही. त्यावर मोटारींचा रस्ता झाला नाही. मुरूम पसरला, रस्ते ओलांडण्याच्या जागी खांब रोवले, पाट्या लावल्या आणि वाट माणसांना देऊन टाकली.

वाटेत ठिकठिकाणी 'लॉक' लागतात. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन दरवाजांच्या मध्ये होडी घ्यायची, पाणी भरायचे की होडी वर चढते. प्रत्येक पायरीशी रखवालदाराचे टुमदार घर, त्यावर लॉकचे नाव आणि क्रमांक. काही घरांत आता उपाहारगृहे आहेत. जोसलँ गावी जुन्या किल्ल्याचे तीन बुरूज थेट पाण्यात डोकावतात. रोआँ ते पोंतिव्ही हा टप्पा डोंगर ओलांडणारा, म्हणून पंचवीस-एक किलोमीटरांत पन्नासावर पायऱ्या. त्या माथ्यावर पाणी पुरावे म्हणून दुरून, साठ किलोमीटरांहून अधिक लांबीचा वेगळा पाट आणला आहे. आम्हां सायकलवाल्यांना मात्र प्रत्येक पायरीशी लहानसा उंचवटा चढावा लागे, इतकेच.

अशाच एका लॉकपाशी बाकावर पाव खात बसलेल्या आजीबाई भेटल्या. पांढरे केस, शेजारी सायकल, तिच्या टोपलीत भाजी. भावाने दुभाष्याचे काम केले. वय ८१. शेजारच्या गावच्या बाजारातून घरी निघाल्या होत्या. मी विचारले, "या वयात सायकल चालवायची भीती नाही वाटत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कशाची?"

मला उत्तर देता आले नाही. अण्णा त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. अण्णांचे पाय ठीक, नजर ठीक. भिण्यासारखे जे होते ते त्यांच्या वयात नव्हतेच, ते रस्त्यावर होते. रस्त्याचे मला काही करता येत नव्हते, म्हणून मी कुलूप घातले ते अण्णांना!

पोंतिव्हीला पोचलो तेव्हा शंभराहून थोडे अधिक किलोमीटर झाले होते. पाय दुखत होते; मान मात्र दुखत नव्हती. मागे वळून पाहणे कधी थांबले ते कळलेच नाही.

घरी आल्यावर अण्णांना सारे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मोटारी किती आडव्या आल्या?"

"वाटेवर एकही नाही."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कालव्याला काठ आपल्या मुठेच्याही आहे की रे."

मी उठलो, कपाटातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. ते काही बोलले नाहीत. रविवारी पहाटे सायकल हातात धरून आम्ही दोघे आमच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो. रविवारी तिथे वाहन नसते आणि कडेने मुरमाची धावपट्टी आहे. मी कॅरिअर धरायला पुढे झालो तर अण्णा म्हणाले, "सोड." दीड फेरी त्यांनी मारली. धापा टाकीत थांबले, वाकून पाहिले आणि म्हणाले,

"चेन पार कोरडी पडली आहे. उद्या तेल आण."