सर्दी-तापाचे विषाणू आणि आपला मेंदू

सर्दी, खोकला, ताप हे नाका-घशाचे व छातीचे आजार, अशी आपली समजूत असते. चार दिवस विश्रांती घेतली, की माणूस पुन्हा कामाला लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हे खरेही आहे. परंतु इन्फ्लुएन्झा, गोवर, कोविड यांसारख्या श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूंचा परिणाम क्वचित मेंदूपर्यंत पोहोचतो. तो कसा होतो, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे हितावह आहे.

निसर्गाने मेंदूभोवती मजबूत तटबंदी उभारली आहे. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असल्यामुळे रक्तातील जंतू सहसा आत शिरू शकत नाहीत. म्हणूनच फ्लूमध्ये मेंदूला सूज आलेल्या मुलांच्या पाठीच्या कण्यातील पाण्यात पुष्कळदा विषाणू सापडतच नाही. मग इजा होते कशामुळे? विषाणूशी झुंजताना शरीर जी रसायने रक्तात सोडते, त्यांचा अतिरेक झाला, की ही तटबंदी सैल पडते व मेंदूला सूज येते. रक्षकाच्याच हातून घराचे नुकसान व्हावे, तसा हा प्रकार असतो.

कधी हीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर चालून जाते आणि पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा येतो. हाच जीबीएस. पुण्यात २०२५ च्या आरंभी त्याची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याकडे सर्वांचे लक्ष गेले; मात्र श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरही तो होऊ शकतो.

गोवराची गोष्ट निराळी आहे. त्याचा विषाणू क्वचित मेंदूत दडून राहतो आणि मूल पूर्ण बरे झाल्यावर बहुधा ६ ते १० वर्षांनी डोके वर काढतो. मुलाची स्मरणशक्ती ढासळते, अंगाला झटके येतात आणि पुढे बहुधा मृत्यू ओढवतो. या व्याधीवर खात्रीचा उपाय नाही. प्रतिबंध मात्र आहे, तो म्हणजे गोवराची लस. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेल्या बालकांना तिची मोठी झळ बसली.

औषधांबाबतही सावधगिरी हवी. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना अॅस्पिरिन दिल्यास यकृत व मेंदू यांना घातक ठरणारा राय सिंड्रोम हा आजार उद्भवू शकतो. अमेरिकेत १९८० साली अशा ५५५ रुग्णांची नोंद झाली होती. पालकांना सावध केल्यानंतर १९९४ ते १९९७ या काळात हा आकडा वर्षाला दोनपेक्षा अधिक राहिला नाही. केवळ माहिती पोहोचल्याने केवढे जीव वाचले!

तापात मूल थोडे बरळले, तर घाबरून जाऊ नये. परंतु ते हाक मारूनही नीट जागे होत नसेल, माणसे ओळखत नसेल, त्याला आकडी येत असेल, उलट्या थांबत नसतील, मान ताठ झाली असेल किंवा हातापायांतील बळ गेले असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरातील आजी-आजोबा एकाएकी गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये; वृद्धांमध्ये कधी कधी छातीच्या संसर्गाचे तेच पहिले लक्षण असते.

रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याने तापमापकाबरोबरच त्याच्या शुद्धीकडेही लक्ष ठेवावे. अशा वेळी लवकर मिळालेले उपचारच जीव वाचवू शकतात.